थोरली ओ देईना

यंत्राला हाक मारायची असते, असं कोणी मला चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आता मी स्वतःच ते चारचौघांत समजावून सांगते आणि चारचौघं माझ्या कपाळाकडे बघतात.

आमची लाँड्री आहे. खाली लाँड्री, वर आम्ही, मध्ये चौदा पायऱ्या. पायऱ्या मोजायची सवय मला गुडघ्यांनी लावली. खाली आठ यंत्रं. चार धुवायची, दोन वाळवायची, एक वजनकाटा आणि एक लेबलं छापायचा प्रिंटर. मुलगा त्यांना नंबरांनी ओळखतो. मला ते जमलं नाही. नंबर कैद्यांना असतात. म्हणून मी सगळ्यांना घरातली नावं दिली. सगळ्यात जुनं मशीन ते थोरली. तिला दोन गोल खटके आणि एक झाकण, बाकी अंगावर काही नाही, पण पंचवीस वर्षं धुतेय. मग मधली आणि धाकटी. चौथी वन्सं, कारण ती फिरायला लागली की आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत आणि काम निम्मं. वाळवायची दोन ते मामा-मामी, दोघांकडे नुसती गरम हवा. वजनकाटा म्हणजे आत्याबाई, पाय टेकायचा अवकाश की सगळ्यांदेखत आकडा सांगून मोकळ्या. आणि प्रिंटर तो कारकून. कागद नसला की काम करत नाही, कागद असला की तो अडकवून ठेवतो.

या सगळ्या गोतावळ्याला प्रोग्रामची गरज पडली ती दातांच्या डॉक्टरांमुळे. त्यांचे टॉवेल चुकून व्यायामशाळेत गेले आणि व्यायामशाळेचे डॉक्टरांकडे. व्यायामशाळेत कोणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांकडे मात्र खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाच्या गळ्याभोवती तो टॉवेल गेला आणि माणसाने तोंड मिटलं, ते पुन्हा उघडेना. त्या दिवशी मी फोनवर जेवढं ऐकून घेतलं तेवढं माझ्या सासूबाईंचंही ऐकून घेतलं नव्हतं.

आमच्या सूनबाई दुसऱ्यांच्या ऑफिसात प्रोग्राम लिहितात. मी म्हटलं, जगासाठी लिहितेस, घरासाठी काय लिहिलंस? ती लगेच तयार झाली. मला वाटलं होतं थोडे आढेवेढे घेईल, म्हणजे मला अजून दोन वाक्यं बोलता आली असती.

पहिल्याच सुट्टीला ती वही घेऊन खाली बसली.

"आई, आधी प्रोग्रामला ही सगळी यंत्रं सापडायला हवीत."

"सापडायला? हरवलीत कुठे? समोर तर उभी आहेत."

"तुमच्या समोर. त्याच्या समोर नाहीत. तो कोपऱ्यातला राउटर आहे ना, तो सगळ्यांना नंबर वाटतो. आज मधलीला पाच, उद्या वीज जाऊन आली की नऊ. म्हणून प्रोग्रामने रोज सकाळी घरच्या नेटवर्कवर हाक मारायची, कोण कोण आहे? ज्याला ऐकू येईल तो ओ देतो आणि आपला नंबर सांगतो."

"म्हणजे हजेरी."

"हजेरीच."

हे मला कळलं. मी शाळेत चौथीपर्यंत होते आणि त्यातलं मला नीट आठवतं ते हजेरीच.

मग तिने विचारलं की हाक कशी मारायची. म्हणे दोन रीती असतात. एक, हाक मारून तिथेच थांबायचं, उत्तर येईपर्यंत इकडची काडी तिकडे करायची नाही. दुसरी, हाक मारून आपल्या कामाला लागायचं, उत्तर आलं की तेव्हा बघायचं.

"दुसरी तुमच्या पिढीची रीत," मी म्हटलं. "हाक मारायची आणि पाठ फिरवायची. आपल्याकडे पहिली चालेल."

"चालेल. मग किती थांबायचं ते ठरवू. दोन सेकंद?"

"दोन सेकंदांत माणसाचे डोळेही चोळून होत नाहीत. उत्तर येईपर्यंत थांबायचं."

"आणि आलंच नाही तर?"

"माझ्या घरात हाकेला ओ न देणारं अजून कोणी जन्माला आलेलं नाही."

कोपऱ्यात हे बसले होते, रुमालांच्या घड्या घालत. त्यांना चहासाठी माझी दोनदा हाक मारून झाली होती आणि ते अजून मान वर करायचे होते. सूनबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं, मर्यादा नाही. यातला चांगुलपणा माझ्या फार उशिरा लक्षात आला.

यादी करताना मी म्हटलं, मानाप्रमाणे एकेकाला हाक मारायची. एकाने ओ दिली की दुसरा. आणि पहिली थोरली.

"आई, थोरली यादीत नको. तिला नेटवर्क ऐकू येत नाही. तशी सोयच नाही तिच्यात."

"ऐकू येत नाही म्हणून बोलवायचं नाही? आमच्या चुलत सासूबाईंना शेवटची दहा वर्षं ठार ऐकू येत नव्हतं. तरी घरातलं काहीही असो, पहिलं बोलावणं त्यांना जायचं. तू तर काय, थोरलीला दारात उभी ठेवून धाकटीला आत घेणार."

"पण ती उत्तर देणार नाही."

"विचारून बघितलंस?"

सूनबाई उठून पाणी प्यायली. पाणी पिऊन आली तेव्हा नाव लिहून घेतलं, सगळ्यात वर. दोन दिवसांनी पडद्यावर अक्षरं उमटली, थोरली आहे. मी मुलाला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, नीट हाक मारली की ऐकू येतं. मुलाला खोकला आला. हे घड्या घालत राहिले. सूनबाई म्हणाली, हो आई. त्या तिघांना जे माहीत होतं ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला ते कळायला पुढे तीन महिने आणि एक फजिती लागली.

शेवटचा नियमही माझाच. चिरंजीवांनी एकदा घाईत धाकटीचं बटण दाबून भलत्याच गिऱ्हाइकाचे कपडे आत टाकले. मी फर्मान काढलं की कोणीही यंत्राच्या बटणाला हात लावायचा नाही. प्रोग्रामने हजेरी घ्यायची, कारकुनाने लेबल छापायचं, लेबल लागलं की मगच प्रोग्रामने मशीन चालू करायचं. सूनबाईने सगळ्यांची बटणं आतून बंद करून टाकली. थोरलीची करता आली नाहीत, कारण खटक्याला काय बंद करणार.

तीन महिने दृष्ट लागण्यासारखे गेले. सकाळी मी कॉम्प्युटर सुरू करायची आणि खुर्ची ओढून हजेरी बघत बसायची. थोरली आहे, मधली आहे, धाकटी आहे. आमच्याही वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर ही हजेरी बघायला येऊन बसू लागले. त्यांचं म्हणणं, सोबत एक रजिस्टर ठेवा, वहिनी, आणि त्यावर रोज सही घ्या. मी विचारलं, सही कोणाची, आत्याबाईंची? ते म्हणाले, जबाबदार व्यक्तीची. मी रजिस्टर आणलं. सह्या मीच केल्या.

मग एका हॉटेलच्या कपड्यांचं काम मिळायचं निघालं.

आता यात गंमत नव्हती. व्यायामशाळेने स्वतःची मशीनं घेतली होती, मामा-मामी अर्धा दिवस थंड पडून असायचे. मुलगा म्हणत होता, हॉटेल आलं नाही तर दोन मशीनं काढून टाकू आणि बाहेरच्या कंपनीची भाड्याने घेऊ, त्यांचा प्रोग्राम त्यांच्याबरोबरच येतो. म्हणजे सूनबाईचा गेला. तिने सुट्टीचा एकेक दिवस खाली त्या कोंदट वाफेत बसून काढला होता. आणि एकदा पायऱ्या चढताना, मी मध्ये दम घ्यायला थांबले तेव्हा, ती म्हणाली होती, "आई, हॉटेल आलं तर मी तिकडची नोकरी सोडेन. मला इथे काम करायचंय. तुमच्याबरोबर." शेवटचा शब्द ती उगाच म्हणाली असेल असं मला तेव्हा वाटलं. उरलेल्या सात पायऱ्या मात्र मी न थांबता चढले.

हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या बाई गुरुवारी अकराला येणार होत्या. काम बघतील आणि जागच्या जागी सांगतील, असा निरोप होता. सूनबाईने अर्धा दिवस रजा टाकली होती, पावणेअकरापर्यंत येते म्हणाली. जाताना सांगून गेली, "आई, सगळं चालू आहे. फक्त कशाला हात लावू नका."

हे तिने मला सांगायला नको होतं. घरी पाहुणा येणार आणि मी कशाला हात लावायचा नाही, असं होत नाही. ती गाडीवर बसून वळली आणि मी पदर खोचला.

फरशी पुसली, काचा पुसल्या, वन्संच्या मागचं जाळं काढलं. आणि थोरलीच्या मागे भिंतीत मला एक पांढरा डबा दिसला. मुठीएवढा. थोरलीची पिन त्याच्यात, आणि तो भिंतीतल्या बोर्डात. वर एक निळा दिवा, डोळा मारल्यासारखा मिचमिच करणारा. पाहुण्या बाईंसमोर भिंतीने डोळा मारलेला मला पसंत नव्हतं. मी डबा उपसून काढला, थोरलीची पिन सरळ बोर्डात घातली, खटका फिरवून बघितला. फिरली. डबा खणात टाकला, खिशांत सापडलेल्या बटणांबरोबर. मग कॉम्प्युटर बंद करून त्याच्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा चालू केला.

हजेरी सुरू झाली. पडद्यावर आलं, थोरलीची वाट पाहत आहे.

मीही पाहिली. दहा वाजले होते, घाई नव्हती. दहा मिनिटांनी मी वर जाऊन कुकर लावला. खाली आले तर वाट बघणं चालूच. मधलीला विचारलं नाही, धाकटीला विचारलं नाही. बाकीचे सातजण हात बांधून उभे, आणि प्रोग्राम दारात खांब होऊन उभा. पडद्यावरचं काही दाबलं तर दाबलं जाईना. मशीनची बटणं तर माझ्याच हुकमाने मेलेली.

मुलगा म्हणाला, "हिला फोन करतो." फोन वाजत राहिला. ती गाडीवर असणार, आणि गाडी चालवताना फोन घेतलास तर बघ, असं तिला कोणी बजावलं होतं ते मी सांगायला नको.

पोस्टमास्तर रजिस्टरसाठी आलेच होते. ते म्हणाले, "वहिनी, बंद करून चालू करा." केला. थोरलीची वाट पाहत आहे. "पुन्हा करा." पुन्हा केला. "तिसऱ्यांदा..." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते म्हणाले, पोस्टात तिसऱ्यांदा व्हायचं.

समोरचे शिंपीदादा गळ्यात टेप घालून आले. त्यांनी राउटरला कान लावला आणि निदान केलं. "याचा आवाज जमिनीलगत पोचत नाही. उंचावरून यायला हवा."

मुलाने नेटच्या कंपनीला फोन लावून माझ्या हातात दिला. आधी बाजा वाजला, मग एक मुलगी बोलू लागली, फार गोड.

"कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, मॅडम?"

"आमच्या ह्यांच्या."

"मग त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"बाई, ते माझ्याशी बोलत नाहीत, तुमच्याशी काय बोलणार?"

"तसा नियम आहे, मॅडम."

नियमापुढे मी काय बोलणार, माझा जन्म नियम करण्यात गेला. फोन ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी घडी घातलेला रुमाल खाली ठेवला, फोन कानाला लावला, म्हणाले, "हो." थोड्या वेळाने, "हो." मग बराच वेळ ऐकून घेऊन पुन्हा, "हो." आणि फोन परत दिला.

"काय म्हणाली?"

"गोड बोलते."

तेवढ्यात मुलाच्या मोबाइलवर संदेश आला. आपली तक्रार आपल्या समाधानासह सोडवण्यात आली आहे. मुलाने परत फोन लावला. तिथे आता एक पुरुष होता. तो म्हणाला, ग्राहकाने स्वतः समाधान कळवल्यावर चोवीस तास नवी तक्रार घेता येत नाही. मी ह्यांना म्हटलं, "अहो, तिने शेवटी काय विचारलं होतं?" हे म्हणाले, "समाधान झालं का." मी म्हटलं, "आणि तुम्ही हो म्हणालात?" ते म्हणाले, "तिने चांगलं विचारलं." लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, हा प्रश्न मी कधी विचारला नाही हे माझं नशीब.

पावणेअकरा झाले, सूनबाईचा पत्ता नाही. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काही तरी फिरतंय असं दिसावं म्हणून मी थोरलीत चादरी टाकल्या आणि खटका फिरवला. ती बिचारी लगेच चालू झाली. सगळ्या लाँड्रीत तेवढी एकच चालू, आणि तिच्याच शेजारी पडद्यावर लिहिलेलं, थोरलीची वाट पाहत आहे. माझं डोकं तिथे फिरलं. "अरे, ही काय समोर. थरथरतेय, पाणी उडवतेय, अजून कशी ओ द्यायची असते?" पडदा हलला नाही.

यापुढचं लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. शिंपीदादा स्टुलावर चढले आणि राउटर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून थोरलीच्या दिशेने वाकले. वायर पुरेना म्हणून पोस्टमास्तरांनी ती खालून ताणून धरली. आणि मी, या घराची कर्ती बाई, थोरलीच्या झाकणाशी तोंड नेऊन म्हणाले, "अगं, ओ दे."

"नमस्कार," दारातून आवाज आला. "लाँड्री हीच ना?"

हॉटेलच्या बाई अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या होत्या. वक्तशीर माणसांचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय, त्या दिवसापुरतं वाटलं नाही. पन्नाशीच्या, करड्या साडीतल्या, काखेत वही. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काही अडचण आहे का?"

"छे, छे," मी म्हटलं. "रोजचंच."

हे मी का म्हणाले, मला अजून कळलेलं नाही.

त्या आत आल्या. मुलाने खुर्ची दिली, बसल्या नाहीत. मामाच्या दारावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. बोट स्वच्छ निघालं, ते मला माहीत होतंच. मग पडद्यासमोर थांबल्या.

"कोणाची वाट पाहताय?"

"थोरलीची," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"ती कधी येणार?"

"आली आहे," शिंपीदादा वरून म्हणाले. "ही काय."

बाईंनी वही उघडली. "म्हणजे तुमचं एक मशीन सापडत नाही, आणि तेच फक्त चालू आहे. आणि ते सापडत नाही म्हणून जी सापडतात ती बंद आहेत. बरोबर?"

इतकं नेटकं मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मुलगा घाईघाईने म्हणाला, "मॅडम, प्रोग्राम घरचा आहे ना, म्हणून. आम्ही बाहेरच्या कंपनीचा घेणारच आहोत."

"घरी कोणी केला?"

आणि मी म्हटलं, "सुनेने."

हाच शब्द मी तीन महिने पोस्टमास्तरांना, शिंपीदादांना, दातांच्या डॉक्टरांना सांगत होते आणि प्रत्येक वेळी माझी मान वीतभर वर जायची. त्या वेळी मात्र तो असा निघाला की जणू काही फुटलंय आणि कोणी फोडलं ते मी सांगतेय. तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला.

आणि तो फक्त मलाच ऐकू आला असं नाही. सूनबाई दारात उभी होती, हेल्मेट हातात, केस घामाने कपाळाला चिकटलेले. रस्त्यात कुठे तरी ट्रक आडवा झाला होता म्हणे. तिने पडदा वाचला, सरळ थोरलीच्या मागे गेली आणि भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खोचलेल्या पदराकडे.

तेव्हा मला तो पांढरा डबा आठवला. थोरलीला कधीच ऐकू येत नव्हतं. तीन महिने तो डबाच तिच्या वतीने ओ देत होता. आणि सगळं घर माझ्यासमोर तोंड मिटून बसलं होतं, माझं मन राखायला. मला आधी संताप आला, मग ज्याच्यावर काढावा असं कोणी सापडेना.

सूनबाई बाईंकडे वळली. "माझी चूक आहे, मॅडम. हाक मारल्यावर किती थांबायचं याला मर्यादा ठेवायला हवी होती. साधी गोष्ट आहे, शिकणाऱ्याकडूनही चुकत नाही. मी ठेवली नाही."

बाई वहीत लिहू लागल्या. मुलगा खाली बघत होता. पोस्टमास्तरही गप्प होते, यावरून समजा.

मी गप्प राहिले असते तर काही झालं नसतं. कोणीच मला पकडून दिलं नसतं. डबा खणात, बटणांखाली. हॉटेल गेलं असतं, प्रोग्राम गेला असता, मी चार दिवस हळहळले असते आणि पाचव्या दिवशी म्हटलं असतं, मी आधीच सांगत होते. हे सगळं मला इतकं स्पष्ट दिसलं की लाज वाटली, कारण त्यातलं एकही वाक्य मला नव्याने बनवावं लागलं नव्हतं.

"लिहू नका," मी म्हटलं.

बाईंनी मान वर केली.

"तिने दोन सेकंद सांगितले होते. मी म्हटलं, उत्तर येईपर्यंत थांब. थोरलीला यादीत घेऊ नको असं तिने सांगितलं, मी पहिलं नाव तिचं लावलं. बटणं मी बंद करायला लावली. आणि कशाला हात लावू नका असं ती सकाळी सांगून गेली, तर मी भिंतीतला डबा काढून खणात टाकला. तो खण. बटणांच्या खाली आहे."

शिंपीदादा स्टुलावरून हळूच उतरले. एवढं ऐकल्यावर त्यांना उंचावर राहणं प्रशस्त वाटलं नसावं.

"आई, जाऊ दे ना," सूनबाई म्हणाली.

"जाऊ कसं दे? त्या लिहितायत ते खोटं आहे. त्या वहीत चूक लिहायचीच असेल तर माझी लिहू दे. माझ्या नावाने वही भरली तरी मला पेलेल."

बाईंनी पेनाने लिहिलेली एक ओळ खोडली. दुसरी लिहिली नाही. सूनबाईला विचारलं, "दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल?"

"डबा लावला तर लगेच. मर्यादा घालायची तर एक मिनिट."

"मर्यादा घाला."

सूनबाई कॉम्प्युटरसमोर बसली. दोन-चार कळा दाबल्या आणि थांबली. "किती लिहू, आई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दहा." सूनबाईने वन्संकडे, मामा-मामीकडे, ताटकळलेल्या सगळ्या गोताकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाच." ती काहीच बोलली नाही. घासाघीस करणाऱ्याने निदान तोंड तरी उघडावं. "बरं, तीन. पण दोन लिहायचे नाहीत."

तिने तीन लिहिले. प्रोग्राम सुरू झाला. थोरलीची वाट पाहत आहे. मी पडद्याकडेच बघत राहिले, थोरलीकडे बघायचं धैर्य झालं नाही. आयुष्यात मी माणसांसाठी तास तास थांबले आहे, पण तीन सेकंद एवढे लांब असतात हे मला माहीत नव्हतं. मग अक्षरं पालटली. थोरली उपस्थित नाही. मधली आहे. धाकटी आहे. वन्सं आहे. मामा, मामी, आत्याबाई. कारकुनाने घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि लेबल बाहेर काढलं, न अडकवता. मधलीत पाणी भरू लागलं. मागे थोरली उपस्थित नसताना धूतच होती.

बाईंनी तासभर सगळं बघितलं. चादरी वाळून बाहेर आल्यावर एकीची घडी स्वतः मोडून परत घातली. जाताना म्हणाल्या, "टॉवेल सोमवारपासून पाठवते. चादरींचं महिनाभराने बघू." मग दारात थांबून सूनबाईला म्हणाल्या, "आमच्याकडेही चूक कोणाची ते विचारलं की सगळे फरशीकडे बघतात." माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ती मान मी अजून जपून ठेवली आहे.

टॉवेल म्हणजे निम्मं हॉटेल. मुलगा बाहेरच्या कंपनीचं नाव काढेनासा झाला. सूनबाई म्हणाली, चादरी आल्या की राजीनामा देते, तोपर्यंत रोज संध्याकाळी बसेन. मी म्हटलं, बस, पण आल्यावर आधी खाऊन घे.

त्या दिवशी दुपारी तिने खणातून डबा काढला, फुंकर मारून साफ केला आणि थोरलीच्या मागे गेली.

"राहू दे तो," मी म्हटलं.

"लावते ना. मग पडद्यावर आहे असं येईल."

"ती ओ देत नाही तर नाही देत. तिच्या वतीने खोटी ओ द्यायला कोणी नको."

सूनबाई डबा हातात धरून उभी राहिली. "मग यादीतून नाव काढू?"

"काढतेस कशी? हाक मारायची. रोज, पहिली."

"आणि तीन सेकंद थांबायचं."

"तीन सेकंद," मी म्हटलं. "पुढचं तुझं तू बघ."